आधी पत्ता, मग पत्र

ई-मेलचा पत्ता तोंडी सांगताना मधल्या चिन्हाला आपण ‘अ‍ॅट द रेट’ म्हणतो. हा शब्द दुकानाच्या बिलातला. पाच डझन वह्या, अमुक दराने. हिशेबातलं हे चिन्ह माणसाच्या नावापुढे आणून बसवलं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानं.

त्यांचा जन्म १९४१ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅमस्टरडॅम गावचा. १९६५ साली एमआयटीतून पदव्युत्तर पदवी घेऊन १९६७ मध्ये ते ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीत लागले. अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशातून ‘अर्पानेट’ हे संगणकांचं जाळं उभं राहत होतं. त्याच्या उभारणीचं मोठं काम या कंपनीकडे होतं.

त्या काळी एका मोठ्या संगणकावर अनेकजण काम करीत. एकमेकांसाठी निरोप ठेवण्याची सोय होती, पण त्याच संगणकापुरती. एका वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंनी एकमेकांच्या कोनाड्यात चिठ्ठ्या ठेवाव्यात, तशी. चिठ्ठी वाड्याबाहेर जात नसे.

टॉमलिन्सन यांच्यापुढे दोन प्रोग्रॅम होते. एक निरोप टपालपेटीत टाकणारा, दुसरा जाळ्यावरून फाइल पोचवणारा. १९७१ साली त्यांनी दोन्हींची सांगड घातली. आता माणसाचं नाव आणि संगणकाचं नाव यांच्यामध्ये काहीतरी हवं होतं. जे कुणाच्याही नावात येत नाही, असं चिन्ह कळफलकावर होतंच. शिवाय इंग्रजीत त्याचा अर्थ ‘येथे’ असाही होतो. अमका, तमक्या ठिकाणी.

चाचणीचे दोन संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी होते. निरोप मात्र जाळ्यातून फिरून गेला. त्यात काय लिहिलं होतं, हे पुढे खुद्द टॉमलिन्सन यांनाही आठवेना. कळफलकाच्या वरच्या ओळीतली अक्षरं असावीत, असं ते म्हणत.

हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सहकाऱ्याला दाखवलं, तेव्हा कुणाला बोलू नकोस, हे आपलं काम नाही, असं तो गमतीनं म्हणाला. १९७३ साली पत्राच्या माथ्यावर प्रेषक, तारीख, विषय कसे लिहावेत याचा मसुदा निघाला. टॉमलिन्सन यांच्याबरोबर त्यावर आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांचंही नाव आहे.

२०१२ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये टॉमलिन्सन यांचा समावेश झाला. ५ मार्च २०१६ रोजी ते गेले.

मी कविता लिहितो. पहिल्या ओळीसाठी आम्ही रात्री जागवतो. या माणसाची पहिली ओळ निरर्थक होती, आणि त्यानं काही अडलं नाही. फोनवर समोरच्यानं त्याच क्षणी हजर असावं लागतं. इथे मात्र माणूस नसतानाही त्याचा निरोप त्याच्यासाठी थांबून राहू लागला. शब्द काय, लिहिणारे लिहितीलच. पण ते कुणाच्या दारात ठेवायचे, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. टॉमलिन्सन यांनी ते ठरवलं, आणि तेही कुणी न सांगता.