डब्यातील गैरप्रकार आणि सहप्रवाशांचे कर्तव्य

उपनगरी गाडीच्या डब्यात छेडछाड, दमदाटी वा मारहाण होते तेव्हा आजूबाजूला माणसे असतातच. तरीही मदतीला कोणी पुढे येत नाही, असा अनुभव अनेकदा येतो. ऑगस्ट २००२ मध्ये मुंबईत बोरिवलीच्या लोकलमध्ये एका गतिमंद मुलीवर सहप्रवाशांसमक्ष बलात्कार झाला आणि हा प्रश्न ऐरणीवर आला.

या निष्क्रियतेला निव्वळ भित्रेपणा म्हणता येत नाही. साक्षीदार वाढले की प्रत्येकाची जबाबदारीची जाणीव कमी होते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली व बिब लाताने यांनी १९६८ मध्ये प्रयोगाने दाखवले. 'दुसरे कोणीतरी बघेल' असे सगळ्यांनाच वाटते. याची दुसरी बाजू न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत दिसली. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील प्रयोगात, डब्यात कोसळलेल्या काठीधारी माणसाला प्रवाशांनी ६५ पैकी ६२ वेळा आपणहून मदत केली. मद्यपी भासणाऱ्याला मात्र ३८ पैकी १९ वेळाच. गरज निःसंदिग्ध असली की माणसे धावतात. ती तशी करणे, हेच पहिल्या साक्षीदाराचे काम होय.

त्यासाठी गुंडाशी हुज्जत घालण्याआधी पीडित व्यक्तीशी बोलावे : 'ताई, काय झालं? इकडे येऊन बसा.' मदत सर्वांकडे मोघमपणे न मागता एकालाच उद्देशून मागावी : 'काका, तुम्ही १३९ ला फोन लावा.' हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे, पोलिसांसाठी ११२. गाडीची दिशा, डबा आणि पुढील स्थानक सांगावे. विनाकारण साखळी ओढणे रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४१ नुसार गुन्हा आहे. जिवावर बेतले असता मात्र कचरू नये. स्थानक जवळ असल्यास तेथे मदत लवकर मिळते.

याच कायद्यानुसार नशेत धिंगाणा व शिवीगाळ (कलम १४५), महिलांच्या डब्यात पुरुषाने जाणूनबुजून शिरणे (कलम १६२) आणि डब्यात चढणाऱ्याची हक्काची वाट अडवणे (कलम १५५) हे गुन्हे आहेत. अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडल्यास सामान्य नागरिकही आरोपीला पकडू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावे लागते. चोप देण्याचा अधिकार मात्र जमावाला नाही.

गाडी थांबली, की बहुतेक जण आपापल्या वाटेने निघून जातात. पोलिसांपुढे जे पाहिले ते सांगणारा एक प्रवासी मागे थांबला, तरच पीडितेची तक्रार एकाकी पडत नाही.