वारशाची खुर्ची आणि वारशाची काठी

निजामी अमलात हिंगोलीच्या मुलखात पाटीलकी आणि देशमुखी जशी बापाकडून मुलाकडे जाई, तशीच महाराच्या घरची येसकराची काठीही जाई. एकाला वारशाने मान मिळे, दुसऱ्याला वारशाने राबणूक. तत्त्व एकच : माणसाची जागा जन्माने ठरते. हे केवळ आपल्या खेड्याचे पाप नव्हते. ज्या ब्रिटिश पार्लमेंटला लोकशाहीची जननी म्हणतात, तिच्या लॉर्ड्स सभागृहातही बाप मेला की मुलगा कायदे करायला बसत असे.

बंगालच्या जमीनदार घराण्यातले सत्येंद्रप्रसन्न सिन्हा हे १९१५ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष. १९१९ साली ते वंशपरंपरागत लॉर्ड झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या राज्यसुधारणांचे विधेयक त्यांनी लॉर्ड्समधून पार नेले. त्याआधी जानेवारीत तरुण आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. अस्पृश्यांचे प्रतिनिधी सरकारने नेमू नयेत, ते निवडून यावेत, ही त्यांची मागणी. कायदा झाला तेव्हा मुंबई कौन्सिलात दख्खनच्या सरदार-इनामदारांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाला. अस्पृश्यांच्या वाट्याला आली सरकारी नेमणूक!

सिन्हा १९२८ मध्ये वारले. हिंदू विवाहात बहुपत्नीत्वाला मुभा, म्हणून मुलाचा वारसा लॉर्ड्सला मान्य करावा काय, असा वाद निघाला. मुलाचा हक्क मान्य व्हायला १९३९ साल उजाडले. लायकीची चौकशी कोणी केली नाही. चौकशी झाली ती जन्माची. त्याच वर्षी हैदराबाद संस्थानाने जाहीर केलेल्या सुधारणांतही जहागीरदारांचे वेगळे प्रतिनिधित्व होतेच.

म्हणून काळा माणूस लॉर्ड झाला, एवढ्याने जन्माची सत्ता मोडत नाही. ती फक्त एक खुर्ची वाढवते.

ती सत्ता कायद्याने मोडली आपल्याकडे. १९४९ मध्ये हैदराबादच्या जहागिऱ्या गेल्या. १९५० च्या संविधानात सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि लगेच अठराव्याने किताब. ही दोन कलमे शेजारी आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. लंडनने मात्र ९२ जण ठेवून बाकीचे वारसदार लॉर्ड बाहेर काढले ते १९९९ मध्ये.

आज पक्षांची तिकिटे घराण्यातच फिरताना दिसतात. काठी टाकून दिलेल्या माणसांनी ही नवी वतने निमूटपणे मान्य करायची काय?