आर्मस्ट्राँग यांच्या वाक्यातला ‘अ’

* २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग ‘एका माणसाचे हे छोटे पाऊल, मानवजातीची मोठी झेप’ अशा अर्थाचे जे इंग्रजी वाक्य बोलले, त्यात ‘मॅन’च्या आधीचे ‘अ’ हे उपपद ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. इंग्रजीत ‘अ मॅन’ म्हणजे कोणी एक माणूस. उपपदावाचून नुसते ‘मॅन’ म्हटले, की अवघी मानवजात. मग छोटे पाऊलही मानवजातीचे आणि मोठी झेपही तिचीच, असे होऊन वाक्यातला सुंदर विरोध पार नाहीसा होतो! आपल्याला ‘अ’ म्हणायचेच होते, असे आर्मस्ट्राँग सांगत. २००६ साली संगणकतज्ज्ञ पीटर शॅन फोर्ड यांनी ध्वनिविश्लेषणातून तो सापडल्याचा दावा केला. सर्वांना तो पटला नाही. अभिप्रेत अर्थ मात्र निःसंशय आहे. म्हणून भाषांतरात ‘एका माणसाचे’ असेच ठेवले आहे. वाचकांनी त्यातला ‘एका’ गाळून वाचू नये. — संपादक