फादर डॅमियन आणि मोलोकाई येथील कुष्ठरुग्णसेवा : एक ऐतिहासिक अवलोकन
एकोणिसाव्या शतकातील मिशनरी रुग्णसेवेच्या इतिहासात फादर डॅमियन (१८४०-१८८९) यांचे स्थान महत्त्वपूर्ण आहे. तथापि त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हवाई राज्याचे तत्कालीन धोरण लक्षात घेणे आवश्यक ठरते. १८६५ च्या कायद्यान्वये कुष्ठरुग्णांना सक्तीने विलग करण्यात येऊ लागले व १८६६ पासून त्यांची रवानगी मोलोकाई बेटावरील कलावाओ येथे होऊ लागली. समुद्र आणि उंच कडे यांनी वेढलेल्या या वसाहतीतील बहुसंख्य रुग्ण मूळ हवाईवासी होते.

बेल्जियममधील त्रेमेलो येथे जन्मलेल्या डॅमियन यांना १८६४ मध्ये होनोलुलू येथे गुरुदीक्षा मिळाली. मे १८७३ मध्ये ते कलावाओ येथे दाखल झाले. जखमा बांधणे, घरे उभारणे, शवपेट्या तयार करणे ही कामे ते स्वतः करीत. त्याच वर्षी नॉर्वेमध्ये हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. परंतु प्रभावी औषधास १९४० चे दशक उजाडावे लागले. डॅमियन स्वतः कुष्ठरोगाने ग्रस्त होऊन १५ एप्रिल १८८९ रोजी निधन पावले.

मात्र ही सेवा केवळ एका व्यक्तीची नव्हती. रुग्णांसमवेत स्वेच्छेने राहणारे 'कोकुआ' म्हणजे साहाय्यक आप्त, तसेच १८८८ मध्ये तेथे आलेल्या मदर मारियान कोप यांचे योगदानही तितकेच मोलाचे होय. डॅमियन यांना २००९ मध्ये, तर मदर मारियान यांना २०१२ मध्ये संतपद घोषित झाले. सक्तीचे विलगीकरण मात्र १९६९ पर्यंत टिकून होते. सारांश, संताच्या त्यागाचा गौरव करताना ज्या कायद्यामुळे तो त्याग आवश्यक झाला, त्याचीही चिकित्सा इतिहासाने केली पाहिजे.