स्टीव्हन्स, फ्रेडरिक विल्यम

(११ नोव्हेंबर १८४७ – ५ मार्च १९००). इंग्रज वास्तुविशारद; मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींचा सर्वांत समर्थ रचनाकार. जन्म इंग्लंडमधील बाथ येथे. तेथील वास्तुविशारद चार्ल्स डेव्हिस यांच्याकडे उमेदवारी केल्यावर १८६७ मध्ये तो सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. आधी पुण्यात, मग मुंबईत. किल्ल्याचा तट नुकताच पाडला गेला होता आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर नवे शहर उभे राहत होते.

त्याचे पहिले मोठे काम खलाशांसाठी बांधलेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम (१८७६). त्यासाठी बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी देणगी दिली. पुढे तेथे विधिमंडळ भरत असे. आज तेथे राज्य पोलीस मुख्यालय आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या बोरीबंदर स्थानकाचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. आराखड्यापूर्वी स्टीव्हन्सने युरोपातील स्थानके पाहून घेतली. लंडनच्या सेंट पँक्रसची छाप या वास्तूवर दिसते. पण ती नक्कल नव्हे. मध्यभागी अष्टकोनी दगडी घुमट असून तो फलाटांवर नाही, कार्यालयाच्या मुख्य जिन्यावर आहे. पायऱ्यांचे एक टोक भिंतीत रोवलेले, दुसरे अधांतरी. जिन्यात उभे राहून मान वर केली की घुमटाच्या आठही फासळ्या थेट दिसतात. घुमटावर ‘प्रगती’चा पुतळा, प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह आणि वाघ, ही शिल्पे टॉमस अर्पची. भिंतींवरील मोर, माकडे, घुबडे, पानेफुले सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवली. सहायक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि पर्यवेक्षक एम. एम. जनार्दन यांनी बांधकाम सांभाळले. या हातांची नावे वगळून केवळ आराखडाकाराचे नाव घेण्याची रूढी अन्यायाची आहे. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये.

मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्येच जबलपूरमार्गे पूर्ण झाला होता. त्यामुळे रेल्वेने मुंबईला आलेल्या माणसाला शहराचे पहिले दर्शन पुष्कळदा याच स्थानकाच्या इमारतीत होई. २००४ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तिचे आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.

१८८४ मध्ये सरकारी नोकरी सोडून स्टीव्हन्सने स्वतंत्र व्यवसाय मांडला. स्थानकासमोरील मुंबई महापालिकेची इमारत (१८९३) त्याचीच. दोन रस्त्यांच्या बेचक्यातील अडचणीची जागा त्याने दर्शनी बाजूच्या उंच मनोऱ्याने साधली. येथे गॉथिक कमानींशेजारी भारतीय धर्तीचे घुमट आहेत. चर्चगेटच्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या कार्यालयात (१८९९) हा मेळ अधिक मोकळा होतो. काळ्या बेसाल्टच्या भिंतींवर फिकट दगडाचे पट्टे, माथ्यावर घुमट, आणि दर्शनी शिखरावर हाती रेल्वे इंजिन घेतलेली ‘अभियांत्रिकी’ची मूर्ती. हीच त्याची सर्वांत पक्व वास्तू मानावी लागेल. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कीर्तीमुळे तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

हिवतापाने त्याचे मुंबईत निधन झाले. मुलगा चार्ल्स हाही वास्तुविशारद होता. कुलाब्याचे रीगल चित्रपटगृह (१९३३) त्याने आर्ट डेको शैलीत बांधले.