मासा खात नाही म्हणजे नेमकं काय? : एका चिमूटभर अन्नाचा इतिहास



पीएचडीच्या पहिल्या सहामाहीत मी गाईडना माझा संशोधन-प्रश्न दाखवला होता : ‘खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे तयार खाद्य का खात नाहीत?’ त्यांनी कागद परत दिला आणि विचारलं, “खाल्लं, तर तुझा प्रश्न संपला का?” मी हो म्हणाले. ते फक्त हसले. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून आज हा इतिहास सांगते.

काचेच्या पेटीत समुद्र आला, पण जेवण नाही आलं

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि घरात समुद्र ठेवायची हौस पसरली. पाणी, वनस्पती, हवा यांचं गणित हळूहळू जमत गेलं. पण काही मासे समोर अन्न पडलेलं असूनही उपाशी मरायचे.

समुद्रघोड्याचंच बघा. त्याला दात नाहीत, पोटाची पिशवीही नाही. नळीसारख्या तोंडाने तो समोरून जाणारा बारीक जीव ओढून घेतो. पोट नसल्यामुळे त्याला थोडंथोडं पण सारखं खावं लागतं. हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नसतं. आपण याला ‘नखरे’ म्हणतो. पण तळाशी पडलेला मांसाचा तुकडा त्याने खावा तरी कसा?

मिठागरातला उपाय

इंग्लंडमधल्या लिमिंग्टनच्या मिठागरांतला एक इवलासा जीव अठराव्या शतकातच अभ्यासकांना माहीत झाला होता. १७५८ मध्ये लिनियसने त्याची नोंद घेतली. आज आपण त्याला आर्टेमिया म्हणतो. आपल्याकडे मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतूनही १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली. याचं वैशिष्ट्य म्हणजे सिस्ट, म्हणजे सुकलेली, वर्षानुवर्षं टिकणारी अंडी. खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात त्यातून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची पिल्लं बाहेर पडतात. आणि ती हलतात!

१९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या अ‍ॅल्विन सील यांनी, आणि १९३९ मध्ये नॉर्वेतल्या गुन्नार रोलेफसेन यांनी दाखवून दिलं की माशांच्या नवजात पिल्लांसाठी हे उत्तम अन्न आहे. डब्यात भरून ठेवता येईल असं जिवंत अन्न मिळालं. प्रश्न सुटला, असंच कुणालाही वाटलं असतं.

पोट भरलं, तरी मासे मेले

इथे नीट लक्ष द्या. मत्स्यशेती वाढली तशी सिस्टची मागणी वाढली, आणि १९७० च्या दशकात टंचाई होऊन भाव चढले. मग लोक मिळेल तिथून सिस्ट आणू लागले. १९७७ मध्ये ब्राझीलमधल्या मकाऊच्या मिठागरांत तर आर्टेमिया मुद्दाम सोडण्यात आला. आणि एक विचित्र गोष्ट दिसू लागली. एका ठिकाणच्या सिस्टवर वाढलेली पिल्लं जगायची, दुसऱ्या ठिकाणच्या सिस्टवरची मरायची. कधीकधी तर एकाच ठिकाणच्या दोन बॅचमध्ये फरक पडायचा. पिल्लं खात मात्र होती. पोट भरलेलं दिसायचं.

तोक्योतले ताकेशी वातानाबे आणि त्यांचे सहकारी यांनी याचं उत्तर चरबीत शोधलं. समुद्री माशांना ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं अन्नातूनच मिळावी लागतात. काही आर्टेमियात ईपीए भरपूर असतं, काहीत जवळजवळ नसतंच. मग यावर तोडगा निघाला तो असा : आर्टेमियालाच आधी माशाच्या तेलाचं मिश्रण खाऊ घालायचं, आणि मग तो माशाला द्यायचा. त्यातही एक मेख आहे. नुकत्याच बाहेर आलेल्या आर्टेमियाचं तोंड उघडलेलं नसतं, म्हणून पहिली कात टाकेपर्यंत थांबावं लागतं.

गोठवलेल्या खाद्यापर्यंत

मोठ्या समुद्रघोड्यांना तयार खाद्याची सवय लावायची पद्धतही याच अनुभवांवर उभी आहे. आधी जिवंत मायसिड कोळंबी द्यायची, मग त्यात थोडी गोठवलेली मिसळायची, पाण्याच्या प्रवाहाने ती हलती ठेवायची, रोज त्याच वेळी त्याच जागी द्यायची. शेजारी आधीच शिकलेला मासा असेल तर काम सोपं होतं. जिवंत अन्नाचं प्रमाण हळूहळूच कमी करायचं. घाई केली तर मासा हातचा जातो.

हा फक्त हौशी लोकांचा प्रश्न नाही. भारताने २००१ मध्ये समुद्रघोड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण दिलं, आणि २००४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आलं. समुद्रातून धरून आणलेला घोडा टाकीत उपाशी मेला की त्याच्या जागी दुसरा धरला जातो. टाकीत जन्मलेला आणि गोठवलेलं अन्न खायला शिकलेला घोडा ही साखळी तोडू शकतो.

तुमच्या प्रपोजलसाठी

आता गाईडच्या हसण्याकडे परत येऊ. ‘खाल्लं की नाही’ हे मोजायला सोपं होतं, म्हणून मी तेच मोजत होते. मला हवं होतं ते म्हणजे मासा जगणं. या दोन गोष्टी एकच नाहीत, हे मत्स्यपालकांना मेलेली पिल्लं मोजून कळलं होतं.

म्हणून प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा दोन ओळी वेगवेगळ्या लिहा. पहिलीत, तुम्ही काय मोजणार आहात. दुसरीत, तुम्हाला खरं काय जाणून घ्यायचंय. मग त्या दोन ओळींमध्ये किती अंतर आहे ते प्रामाणिकपणे बघा. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये ते फार होतं. आता माझ्या वहीत पहिला रकाना ‘खाल्लं का’ हाच आहे, पण त्याच्या पुढे वजन, वाढ आणि नव्वदाव्या दिवशी जिवंत आहे का, हे तीन रकाने आलेत.