सारथी आणि नदीपलीकडचे गाव

इंद्रायणीवरील पूल ओलांडून तळवड्याहून निघोज्याकडे जाताना गाव बदललेले दिसते. शासन बदललेले मात्र दिसत नाही. तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. निघोजे खेड तालुक्यातील ग्रामपंचायतच राहिले आणि चाकण औद्योगिक क्षेत्रातील मोठमोठे कारखाने त्याच्या शिवारात उभे राहिले. दोन्ही काठांवर भाड्याच्या खोल्यांत राहणारा कामगार एकाच जातकुळीचा आहे : मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर भारतातून आलेला. अडचण आली तर त्याने विचारायचे कोणाला? स्वतःच्या गावी नातलग असतात, शेजारी असतात, फार तर तलाठी असतो. परगावी यांपैकी कोणीच नसते, आणि त्यांच्या जागी येतो दूरध्वनीचा एक क्रमांक. अशा मदतवाहिन्यांचा इतिहास सहसा तंत्रज्ञानाचा म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो मुख्यतः पैशाचा इतिहास आहे : तो कोणी दिला, कशासाठी दिला आणि कोणत्या सीमेवर थांबवला, याचा.

आपल्याकडे या इतिहासाचे महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांना रस्त्यावरची मुले रात्री-अपरात्री घरी फोन करीत. या अनुभवातून १९९६ साली संस्थेचा एक प्रकल्प म्हणून 'चाइल्डलाइन' सुरू झाली. १०९८ हा क्रमांक मुलांच्या तोंडी 'दस नौ आठ' असा उतरत्या क्रमाने बसला; ज्याला लिहिता येत नाही त्यालाही तो पाठ होई. कित्येक वेळा पलीकडून शब्दच येत नसे. चाइल्डलाइनने अशा मूक फोनांचीही वेगळी नोंद ठेवली. बोलण्यापूर्वी माणूस ऐकणाऱ्याची पारख करतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना निराळे सांगावयास नको.

चोवीस तास जागणारी सेवा देणग्यांवर फार काळ चालू शकत नाही. १९९९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पाठबळाने चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्थापन झाले आणि शहरागणिक सेवा पसरली. पैसा प्रामुख्याने शासनाचा, पण मुलापर्यंत पोहोचणारी माणसे स्थानिक संस्थांची, अशी ही घडण होती. साठ मिनिटांत मुलापाशी पोहोचावे, हा दंडक त्या माणसांच्या भरवशावर घातलेला होता. पुढे २०१५ च्या बालन्याय कायद्यात या सेवेला स्थान मिळाले. २०२२ च्या 'मिशन वात्सल्य'च्या मार्गदर्शक सूचनांनंतर २०२३ पासून १०९८ ची सूत्रे राज्यांच्या महिला व बालविकास विभागाकडे आणि जिल्हा यंत्रणेकडे आली. ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशीही जोडली गेली. हे वाईटच झाले, असे आम्ही म्हणणार नाही. मुलाचे संरक्षण ही शासनाची जबाबदारी असेल, तर ती त्याने स्वतः उचलणे तत्त्वतः योग्यच आहे. तथापि कोणत्या फलाटावर कोणाला विचारावे, कोणत्या निवाऱ्यात आज जागा आहे, ही जाण वर्षानुवर्षे त्या वस्तीत वावरून येते. अंदाजपत्रकात वेतन दाखवता येते, ही जाण दाखवता येत नाही. म्हणूनच हस्तांतरणात प्रथम तीच गहाळ होण्याचे भय असते.

दुसरा प्रश्न लेखाशीर्षांचा. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले, ते कृषी खात्याचे. १८१ ही महिलांची वाहिनी २०१५ पासून निर्भया निधीतून उभी राहिली. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाकडून आली. प्रत्येक क्रमांकामागे एक खाते आहे आणि प्रत्येक खात्याला आपल्यापुरतेच माहीत आहे. किसान कॉल सेंटर पिकावरील रोगाविषयी सांगेल. जमीन संपादनात गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. माणसाचे दुःख मात्र खातेवार वाटून येत नाही.

अमेरिकेत याच्या उलट घडले. १९९७ मध्ये अटलांटात युनायटेड वे या संस्थेने सर्व प्रकारच्या साहाय्याची वाट दाखवणारा २११ हा एकच क्रमांक चालू केला आणि जुलै २००० मध्ये तेथील संघीय दळणवळण आयोगाने तो देशभर राखून ठेवला. आयोगाने क्रमांक दिला, पैसा दिला नाही. तो जागोजागी देणग्यांतून आणि स्थानिक शासनांकडून उभा करावा लागला. तिकडे क्रमांक एक आणि पैशाची वानवा. इकडे पैसा आहे, पण तो क्रमांकाक्रमांकांत विभागलेला.

या दोहोंच्या मधला एक प्रयत्न निघोज्याच्या अगदी शेजारी झाला. १५ ऑगस्ट २०१३ रोजी आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या कारकिर्दीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने 'सारथी' ही योजना सुरू केली. तिचे विशेष असे की फोनच्या आधी पुस्तिका होती. विभागाविभागांकडून नागरिकांच्या प्रश्नांची उत्तरे लिहून घेतली गेली. संकेतस्थळ आणि मदतवाहिनी त्या संकलनावर उभी राहिली. नावही अन्वर्थक म्हणावे लागेल. महाभारतातला सारथी शस्त्र धरत नाही. रथ कोठे न्यावा, हे तो जाणतो. संदर्भसेवेची याहून नेमकी व्याख्या आम्हांला ठाऊक नाही.

पण हा सारथी महापालिकेचा, आणि महापालिका नदीपाशी संपते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाने चाकणचा परिसर आपल्या हद्दीत घेतला. गुन्ह्यासाठी निघोजे शहरात जमा झाले. माहितीसाठी ते बाहेरच राहिले. नियंत्रणाची सीमा वाढवताना शासनाला नदी आडवी आली नाही, एवढी नोंद इतिहासाने करून ठेवावी. कारखान्याची पाळी संपवून पुलावरून परतणाऱ्या कामगाराच्या खिशात फोन असतो, क्रमांकही अनेक असतात. त्यांपैकी कोणता लावावा, हे सांगणारा क्रमांक मात्र अलीकडच्या काठावरच थांबतो.